काँग्रेसवाल्याचा पणतू

लेक अमेरिकेत शिकायला गेली आणि तिकडच्याच एका मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. आम्ही नवरा-बायको तयार होतो. अडलं होतं ते माझ्या वडिलांपाशी. आबांनी एकदा "नाय" म्हटलं की विषय संपला. आणि आजोबांच्या आशीर्वादाशिवाय लग्न करणार नाही, हा लेकीचा हट्ट. दोघं सारखीच हेकट!

एक दिवस तिने फोनवर ठेवणीतला मुद्दा काढला. "आजोबा, त्याचे पणजोबा काँग्रेसमन होते."

आबा खुर्चीत सावरून बसले. "कांग्रेसवाला? गोरा असून? मग आपल्यासाठी तुरुंगात गेला असंल तो. घर चांगलं हाय. कर लगीन."

आबांच्या लेखी काँग्रेस एकच, स्वातंत्र्यासाठी झेंडे घेऊन निघालेली. अमेरिकेत संसदेलाच काँग्रेस म्हणतात, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर बायकोने डोळे वटारले.

पण अर्धवट कळलेली गोष्ट मला पचत नाही. मी त्या पणजोबांच्या मागेच लागलो. संध्याकाळी मोबाइलवर वाचायचं आणि पडवीत आबांना सांगायचं. शेतकऱ्याचा मुलगा, शाळामास्तर, मग वकील, मग खासदार. गावच्या नदीवर त्याने पूल आणला. निवडणूक हरल्यावर घरी परतून सफरचंदांची बाग लावली.

"म्हंजे बागायतदार!" आबा खूश. फवारणी कसली करायचा, हेही त्यांना हवं होतं. मलाही हवं होतं, पण ते काही सापडलं नाही.

सापडलं ते भलतंच. आशियातल्या माणसांना अमेरिकेत येऊ द्यायचं नाही, असा कायदा आला, तेव्हा या गृहस्थाने त्याच्या बाजूने मत दिलं होतं. आता लग्न मोडणार, या भीतीने मी मोबाइल खिशात टाकला. पण आबांनी चेहरा ओळखला. शेवटी काँग्रेसच्या घोळासकट सगळं सांगून टाकलं.

आबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"म्हंजे आपल्याला दारात उभा करनार नव्हता तो?"

"नव्हता."

"आनि आता आपली पोर त्याच्या घरची सून?"

"तुम्ही हो म्हणालात तर."

"फोन लाव तिला. म्हनावं, त्याचा फोटो असंल घरात, तो उंबऱ्यासमोर ठेव आनि मग माप ओलांड. पाय जरा जोरात लाव. तांदूळ त्याच्यापर्यंत उडायला पायजेत."