दीडशे शब्दांत ताई

माझी ताई स्पॅनिशच्या परीक्षेतले लेखनाचे पेपर तपासते. बावीस वर्षं तेच. परक्या भाषेत कुणीतरी घाम गाळून पत्र लिहायचं आणि हिने त्याला चार ठिकाणी गुण द्यायचे: विषयाला धरून आहे का, मांडणी, शब्द, व्याकरण. प्रत्येकी शून्य ते पाच. बरं, ही सवय माणसाने परीक्षा केंद्रातच ठेवून घरी यावं ना? ते नाही.

भावोजींनी लग्नाआधी तिला एक पत्र लिहिलं होतं. ते तिने अजून जपून ठेवलंय, गुणांसकट. मांडणीला दोन आहेत. भावोजी म्हणतात, पास झालो हेच नशीब. एकदा शेजारणीने दारावर चिठ्ठी लावली, 'बेल वाजवू नये बाळ झोपले आहे'. ताईने पेन्सिलीने मधे स्वल्पविराम घातला, आणि घातलाय हे सांगायला बेल वाजवली.

माझ्यावर तर तिचा हक्कच. आईने अंथरूण धरलं तेव्हा मी सहाचा आणि ती सोळाची. मला भरवलं तिने, शाळेत ओढत नेलं तिने, आणि मी दहावीत असताना जाहीरही तिनेच करून टाकलं, "तुझ्या डोक्यात दुसरी भाषा शिरायची नाही. तू आपला यंत्रांकडे बघ." बघितलं. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. दुसऱ्यांनी बसवलेल्या म्हाताऱ्या लिफ्टची दुखणी काढायची आणि आत अडकलेल्यांच्या शिव्या खायच्या.

गेल्या वर्षी कंपनीने सांगितलं, स्पॅनिश बोलणाऱ्या एका शहरात चाळीस नव्या लिफ्ट बसवायच्या आहेत. तीन वर्षांचं काम, एक मेकॅनिक पाठवायचा. अट एवढीच, त्या भाषेची मधल्या पातळीची परीक्षा पास हवी. एक तरी लिफ्ट पहिल्या बोल्टपासून माझ्या हातची असावी, हे माझं जुनं दुखणं. मला जायचंच होतं. पण ताईला सांगायची छाती कुठून आणायची? तीन वर्षं म्हटल्यावर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून चोरून शिकलो. दुपारच्या सुट्टीत लिफ्टच्या टपावर बसून क्रियापदं घोकली.

परीक्षा तिच्याच केंद्रात होती, दुसरं केंद्रच नाही. पेपरावर नाव नसतं, नंबर असतो, त्यामुळे मी बिनघोर. 'आपले कोणीही नातेवाईक परीक्षेला बसलेले नाहीत' अशी सही परीक्षकांकडून दर वेळी घेतात. ताईने नेहमीसारखी ठोकून दिली. तिला बिचारीला काय माहीत.

प्रश्न आला: तुमच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या व्यक्तीबद्दल मित्राला पत्र लिहा, शब्द दीडशे. ताईशिवाय होतं कोण? मी आधी मनात मराठीत रचलं, मग शब्दाला शब्द लावत गेलो. बाहेर आलो तेव्हा वाटलं, मैदान मारलं.

एक पेपर दोघं तपासतात. माझा आधी गेला तो जन्माने स्पॅनिश बोलणाऱ्या एका सभ्य गृहस्थाकडे. त्याने तो वाचला आणि तडक केंद्रप्रमुखांकडे गेला. जोडीची परीक्षक म्हणून ताईला बोलावणं आलं. पुढचं तिने मला सांगितलं, आणि ती सांगते म्हणजे इतिवृत्तच वाचते.

"उमेदवार म्हणतो, त्याची बहीण रोज त्याचं डोकं खाते," गृहस्थ म्हणाला.

केंद्रप्रमुखांनी लिहून घेतलं. "किती?"

"प्रमाण दिलेलं नाही. पुढे, ती त्याचे गुन्हे स्वतःच्या पोटात घालते. म्हणजे पुरावा नष्ट. डोळ्यांत तेल ओतून त्याच्यावर पाळत ठेवते. हाडांच्या काड्या करते. रक्ताचं पाणी करते."

"कोणाच्या रक्ताचं?"

"स्वतःच्या, असं लिहिलंय. धाकात असेल तो."

मग पर्यवेक्षिकेला बोलावून विचारलं, परीक्षेच्या वेळी उमेदवाराचं डोकं जागेवर होतं का? तिने हजेरीपट पाहून सांगितलं, होतं, ओळखपत्राशी जुळत होतं. पोलिसांना कळवायचं तर फॉर्म कुठला, यावर पंधरा मिनिटं गेली. केंद्रात फॉर्म दोनच होते, एक उमेदवार आजारी पडल्यास आणि एक त्याने कॉपी केल्यास.

ताईने पेपर हातात घेतला. तिसऱ्या ओळीलाच तिला कळलं, हे दिवटं कोण ते. पण ती शांतपणे म्हणाली, "शब्द स्पॅनिश आहेत, पण हे मराठी आहे." आणि एकेक वाक्य उलगडून सांगितलं. अर्धा तास लागला.

गृहस्थाने कपाळ पुसलं. "मग ही बाई चांगली आहे?"

"बरी आहे," ताई म्हणाली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. केंद्रप्रमुख म्हणाले, विषयाला धरून आहे, देऊन टाका तीन-तीन. म्हणजे मी पास. आणि तेवढ्यात आमची सत्यवादी बोलली, "ती बहीण मी आहे. मला हा पेपर तपासता येणार नाही."

झालं. नियमाप्रमाणे पेपर तिसऱ्या परीक्षकाकडे गेला, कुठल्याही खुलाशाशिवाय. त्याने व्याकरणाला एक दिला आणि शेरा मारला, 'उमेदवाराने हिंसेचे वर्णन टाळावे.' मी लेखनात आपटलो.

तिने माझ्या घरी येऊन परीक्षा कशासाठी दिली ते आधी वदवून घेतलं आणि मग हे सगळं सांगितलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "तोंडाला कुलूप लावलं असतं तर काय बिघडलं असतं? पास झालो होतो मी. तुला मी जायलाच नको होतो, दुसरं काय."

"नकोच होतास," ती म्हणाली. "पण म्हणून नाही बोलले. सही केली होती मी."

"सहीच घेऊन बस मग."

ती उठून जाईल असं वाटलं, पण बसून राहिली. म्हणाली, "त्या पत्रात एकच वाक्य बरोबर होतं. शेवटचं. मे किसो मूचो."

त्या वाक्याचा मला अभिमान होता. ताईने माझ्यावर फार माया केली. म्हणालो, "मग?"

"त्यांच्यात भूतकाळ दोन असतात रे. एक चालत राहणारा, एक संपलेला. तू संपलेला वापरलास. माया केली आणि मग थांबली, असा होतो त्याचा अर्थ. बाकी सगळं मी त्यांना समजावून दिलं. ते वाक्य कोणी विचारलंच नाही, चूक नव्हती ना त्यात." पदराशी चाळा करत तिने विचारलं, "तुला खरंच तसं वाटतं का?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली नुसती. "अगं, मला भूतकाळ एकच पाठ झालाय," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. "पुढची परीक्षा चार महिन्यांनी आहे. कंपनी थांबते का विचार. वही आण."

वही आणली. "आत्ताचं कसं म्हणायचं? अजून करते असं?"

"मे किएरे," ती म्हणाली. "म्हण."

मी तीनदा चुकलो. पहिल्या दोन वेळा खरोखरच.