घाटातला शेवटचा उतार

निर्मळ घाटाखालचा तो अपघात अजून माझ्या मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. कापसाचा ट्रक चिंचेच्या झाडावर आदळला आणि केबिनमध्ये बसलेली ड्रायव्हरची बायको जागीच गेली. ड्रायव्हर वाचला. शेवटच्या वळणानंतर ब्रेक लागलाच नाही, असा त्याचा जबाब. ब्रेकचं काम आदल्या दिवशी केलं होतं त्याच्या मेहुण्यानं, म्हणजे तिच्याच सख्ख्या भावानं. मुधोळचा हा मेकॅनिक दहनाला न जाता सरळ ठाण्यात आला. माझ्याच हातानं बहीण गेली, मला आत टाका, एवढंच तो म्हणत होता. मी गुन्हा नोंदवून त्याला आत घेतलं. पण पटत नव्हतं. ज्याच्या चुकीनं बायको गेली त्याच्यावर माणूस धावून जातो; हा ड्रायव्हर मेहुण्याकडे बघतही नव्हता.

दोन दिवसांनी घाटातला चहावाला कानाशी लागला. ट्रक त्याच्यासमोरून गेला तेव्हा इंजिनाचा आवाज नव्हता म्हणे.

मी टेप घेऊन वळणापासून चिंचेपर्यंत मोजलं. जेमतेम पन्नास मीटर. पंच म्हणून हायस्कूलचे विज्ञानाचे सर होते. ते म्हणाले, या उतारावर त्वरण फार तर अर्धा मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद. सेकंद दोनदा कशाला, मी विचारलं. "दर सेकंदाला वेगात तेवढी भर पडते, म्हणून. चाळीस सेकंदांत ताशी बहात्तर किलोमीटर, पण त्याला चारशे मीटर उतार लागतो. पन्नास मीटरमध्ये एवढा चुराडा होत नाही साहेब. वेग वरूनच साठत आला."

हा हिशेब आणि चहावाल्याचं म्हणणं मी ड्रायव्हरपुढे मांडलं. आवाज चढवावा लागला नाही.

"आमी सगळेच उतारावर इंजिन बंद करतो साहेब. डिझेल वाचते. पण इंजिन चालू असंल तंच ब्रेकची हवा भरते; मंग ब्रेकले हवा पुरली नाही. बायकोनं इचारलं, आवाज काऊन बंद झाला? मी म्हणलो, झोप तू."

ड्रायव्हरला कोठडीत टाकलं आणि मेकॅनिकला सोडताना त्याला सगळं सांगितलं. त्याच्या तोंडावर सुटल्याचा आनंद दिसला नाही. भाऊजींना भेटू द्या म्हणाला. मी शिपाई जवळ उभा केला, पण गरज पडली नाही. तो गजांपाशी बसला.

आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. ते भावानं आणायचं असतं.

"भाऊजी," तो म्हणाला, "मीच मारलं समजून मी तिचं लुगडं नेलं नाही. तुमी एक शब्द बोलले असते तं नेलं असतं."

निर्दोष माणूस सोडवला की आपलं काम झालं, असं मी तोवर समजत होतो.