ढब्बूचे दहा दिवस

सगळे तिला मीटरवाली ताई म्हणत. एकोणीस वर्षं ती घरोघर फिरून विजेच्या मीटरचं रीडिंग घेत होती. दिवसाला साठ-सत्तर दारं. भाडेकरू यायचे, जायचे, पण कुठल्या फाटकामागे कुठला कुत्रा आहे हे तिला तोंडपाठ होतं. खात्यात नव्याने लागलेल्यांना ती बजावायची, "पळायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. तिरकं उभं राहायचं आणि त्याला वास घेऊ द्यायचा. घर त्याचं आहे, आपण पाहुणे." एवढ्या वर्षांत एका कुत्र्याने तिची पिशवी फाडली होती, बस्स. दात कुणाचा लागला नव्हता.

म्हणूनच ढब्बू चावला तेव्हा तिला आधी दुखलंच नाही. ती नुसती बघत राहिली.

ढब्बू घड्याळवाल्या काकांचा. काका एकटे राहायचे, पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचे, आणि हा तपकिरी, गोलमटोल कुत्रा त्यांच्या टेबलाखाली पसरलेला असायचा. अकरा वर्षांची ओळख. ती फाटकातून आत आली की तो शेपटीने सगळं अंग हलवत यायचा आणि हनुवटी वर करायचा. मग तिने जबड्याखाली खाजवायचं आणि नंतरच मीटरकडे जायचं, असा त्यांचा रिवाज. त्या सोमवारीही तिने हात घातला. ढब्बू किंचाळला आणि दुसऱ्या क्षणी त्याचे दात तिच्या मनगटावर होते. लगेच सोडून तो टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

काका लंगडतच धावत आले. "अहो ताई, हा असा नाही हो! हा कधीच..."

"साबण द्या काका," ती म्हणाली. "आणि नळ कुठे आहे?"

पंधरा मिनिटं तिने नळाखाली हात धरला. तेवढ्या वेळात काकांनी सगळ्या घराची उचकपाचक करून ढब्बूचं लसीचं कार्ड शोधून आणलं. शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची होती. "यंदा माझा पाय मोडला ना," काका कार्डाकडे बघत पुटपुटले. "नेतो नेतो म्हणत राहूनच गेलं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखमेभोवती एक आणि दंडात एक अशी दोन इंजेक्शनं दिली. उरलेल्या चार तारखा कागदावर लिहिल्या. "कुत्रा ओळखीचा आहे ना? मग त्याला बांधून ठेवायला सांगा. दहा दिवस ठणठणीत राहिला, तर त्याच्यापासून धोका नव्हता असं समजायचं."

"आणि नाही राहिला तर?"

"तर लगेच मला कळवायचं. तुम्ही लस वेळेवर घेतली आहे, घाबरायचं कारण नाही."

घाबरायचं कारण नाही, हे तिला पटलंही. पण ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकलं. न डिवचता चावणारा कुत्रा पिसाळलेला असतो, असं खात्याच्या प्रशिक्षणात तिने स्वतःच कितीदा ऐकलं होतं. आणि ढब्बूला कुणी डिवचलं होतं?

घरी सासूबाईंनी पट्टी बघितली. त्यांच्या लहानपणी शेजारचा एक माणूस कुत्रा चावून, पाण्याचा घोटही गिळता न येऊन गेला होता. रात्री नातीचं अंथरूण उचलून त्यांनी स्वतःच्या खोलीत नेलं आणि सकाळी सुनेचा पेला वेगळा काढून ठेवला. ती पाणी प्यायला लागली की त्या हातातलं काम थांबवून बघत राहायच्या.

"प्यालीस?"

"प्याले."

"गिळताना काही होत नाही ना?"

"तुम्ही अशा बघता ना, तेव्हा होतं," ती म्हणाली. दोघी हसल्या. पण पेला वेगळाच राहिला.

नवरा म्हणाला, "तक्रार कर. पालिकेची गाडी येऊन घेऊन जाईल त्याला. रोज जिवाला घोर कशाला?"

"त्याला नेलं तर दहा दिवस बघणार कोण? आणि तो नुसता दुखावलेला असला तर?"

"म्हणजे तुला अजून त्याचीच काळजी!"

काळजी कुणाची, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. ती रोज संध्याकाळी काम संपलं की वाट वाकडी करून काकांच्या फाटकाशी जायची. ढब्बू अंगणातल्या खांबाला बांधलेला असायचा. काका आतूनच ओरडून सांगायचे, "चाललाय, चाललाय! सकाळी दूध प्यायला!" पहिले तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी काका ओरडले नाहीत. ते बाहेर पायरीवर बसले होते.

"आज काही खाल्लं नाही त्याने."

ढब्बू पुढच्या पायांवर डोकं टाकून पडला होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि खालची फरशी ओली झाली होती. ती फाटकाबाहेरच उभी राहिली. फाटकाची सळई तिने इतकी घट्ट धरली, की मनगटाची जखम ठणकायला लागली.

"पाणी?" तिने विचारलं.

"वाटीशी जातो, जीभ लावतो आणि मागे फिरतो." काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "ताई, तुम्ही म्हणाल तर मी गाडी बोलावतो. माझ्यामुळे तुमच्या जिवाला काही झालं तर मी..."

तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं, "तुमच्या तारखा ठरल्याप्रमाणे चालू ठेवा आणि कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. जवळ कुणी जाऊ नका."

जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. कोपरापर्यंत जाड हातमोजे घालून ते ढब्बूसमोर बराच वेळ उकिडवे बसले. त्यांनी त्याला हाक मारली, टाळी वाजवली, लांब काठीने वाटी पुढे सरकवली. ढब्बूने शेपटी दोनदा आपटली.

"माणूस ओळखतो, आवाजाला दचकत नाही, पायही लटपटत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "डावा गाल बघा, सुजलाय. मला तरी दाढ सडल्यासारखी वाटते. तुम्ही नेमका तिथेच हात लावला असेल."

"म्हणजे तसलं काही नाही ना?" तिने विचारलं.

"वाटत नाही. पण लाळ दोन्हींत गळते, ताई. दहा दिवस होईपर्यंत मी त्याच्या तोंडात हात घालणार नाही आणि तुम्हाला खात्रीही देणार नाही. दुखणं कमी व्हायचं औषध देतो, दुधातून लांबूनच द्या."

म्हणजे अजून पाच दिवस. हे पाच दिवस आधीच्यांपेक्षा वाईट गेले, कारण आता आशा होती. तिने रीडिंगचे आकडे दोनदा चुकीचे लिहिले. एका घरातलं एवढंसं पिल्लू पायात आलं तर ती किंचाळली, आणि त्या घरची बाई तोंडात बोट घालून बघत राहिली. पहाटे जाग आली की ती आधी ओट्याशी जाऊन घोटभर पाणी प्यायची, घशाखाली नीट उतरतंय का ते बघत.

सातव्या दिवशी तिसरी सुई झाली. त्या संध्याकाळी ढब्बूने पातळ केलेलं दूध संपवलं. आठव्या दिवशी पाव खाल्ला, एकाच बाजूने चावून. नवव्या दिवशी ती दिसल्यावर तो उठला आणि दोरी ताणून उभा राहिला. ती मात्र फाटकातून आत गेली नाही.

दहा दिवस पूर्ण झाले, तशी अकराव्या दिवशी सकाळी डॉक्टर सामानासकट आले. भुलीचं इंजेक्शन द्यायला कुणीतरी ढब्बूला मागून घट्ट धरायला हवं होतं. काका पुढे झाले, पण त्यांचे हात थरथरत होते. रोज केसाएवढे स्क्रू फिरवणारे ते हात.

"तुम्ही बाजूला व्हा, काका," ती म्हणाली आणि चप्पल काढून आत आली.

तिने ढब्बूला मागून मिठीत धरलं. त्याचं काळीज तिच्या हाताखाली धडधडत होतं. सुई टोचली तेव्हा त्याने मान वळवली. तिने डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही. हळूहळू त्याचं सगळं वजन तिच्या मांडीवर आलं.

दाढ निघाली, मुळाशी पू भरलेली. काका ती बघून लहान मुलासारखे रडले. "किती दिवस सोसलं असेल याने. रात्रंदिवस माझ्या पायाशी असायचा, आणि मला कळलं नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे एकदाच बघितलं आणि काही न विचारता नातीचं अंथरूण परत आणून टाकलं. उरलेली इंजेक्शनं तिने तरीही घेतली, एकही तारीख न चुकवता.

खात्यातल्या साहेबांनी तिला ऑफिसात टेबलावरचं काम देऊ केलं. तिने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली. फिरायची सवय झाली होती. पण भीती काही गेली नाही. आता ती आधी फाटकाबाहेरून हाक मारते आणि मालक येईपर्यंत थांबते. नवीन लोकांनाही सांगते, "ओळखीचा असला तरी थांबा. त्याचं काय दुखतंय ते तो सांगू शकत नाही."

पुढच्या महिन्यात ती काकांकडे गेली तेव्हा ढब्बू आतल्या खोलीत कोंडलेला होता. दाराआडून त्याचं कुंईकुंई चाललं होतं.

"सोडा त्याला," ती म्हणाली.

"राहू द्या हो ताई, कशाला उगाच."

"सोडा काका."

तो आला, तिची पिशवी हुंगली, आणि हनुवटी वर केली. तिने हात पुढे केला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. तिसऱ्या महिन्यात मात्र तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ, मग मीटरवरचा आकडा लिहून घेतला आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.