माझ्या पियानोचं झाकण लावणाऱ्या साहेबांना

मंडळी, आज रविवार, सकाळी अकरा वाजता माझ्या घरी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. १९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा बाबांच्या सामानातून आलेल्या पियानोवर तिसरीतली ईरा स्वतः रचलेली धून वाजवत होती. धुनेचा विषय, आमच्या बिट्टन मार्केटमधल्या भाजीवाल्यांचं भांडण!

दुसऱ्या मुलीचे वडील, चार इमलीच्या सरकारी अफसर वसाहतीतले साहेब, उठले आणि त्यांनी झाकण लावलं. "मॅडम, परीक्षेतलं वाजवून घ्या ना. हा काय टाइमपास?"

"मला शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या कडक सिस्टरनीही मी वाजवताना कधी झाकण लावलं नव्हतं," मी म्हटलं आणि ते उघडलं. ईरा वाजवेना. "टीचर, मी आता नाही बनवणार."

तुम्ही असतात तर गप्प बसला असतात?

साहेब, गुरुवारी संध्याकाळी पाचला ईराचा क्लास आहे. त्याआधी लेखी माफी हवी, तीही तिच्या नावे. अक्षर मोठं काढा, तिला स्वतः वाचायची आहे.