बोगद्यातले सहा भाग

माझ्या नवऱ्याच्या मामांनी एका टीव्ही मालिकेवर जेवढं प्रेम केलं, तेवढं ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणी पोटच्या पोरांवरही केलं नसेल. ही मालिका चाळीसेक वर्षांपूर्वी रविवारी सकाळी लागायची. भाग बारा. पृथ्वीवरची माणसं परग्रहावर उतरतात, चौथ्या भागात स्वतःचं यान हरवून बसतात आणि नववा संपेपर्यंत एका बोगद्यातून ते शोधत चालतात. बास, चालतात. मामांनी शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर ती उतरवून घेतली, मग कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर नेली. नौपाड्यात त्यांच्या घरी तुम्ही लग्नाची पत्रिका द्यायला जा की गॅसची शेगडी दुरुस्त करायला, चहाबरोबर पहिला भाग मिळतोच. नव्या सुनेला तर सूट नव्हतीच. लग्नानंतर मी मामा-मामींच्या पाया पडून उठले आणि घरी निघाले तेव्हा तिसरा भाग संपला होता.

मला यादी केल्याशिवाय मत बनवता येत नाही, म्हणून या मालिकेचीही केली. दोष तेवीस निघाले. राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते. आपोआप सरकणाऱ्या दाराच्या कडेला ते सरकवणाऱ्याची चार बोटं दिसतात. यंत्रमानव म्हणजे उलटं ठेवलेलं पाण्याचं पिंप आहे, आणि बोगदा तर दहा पावलांचाच असावा, कारण भिंतीवरचा तोच एक ओघळ इतक्यांदा येतो की शेवटी ओळखीचा वाटायला लागतो. गुण चार. त्यातला एक मात्र खरा मोठा. शेवटच्या भागात सगळे परत निघतात तेव्हा संदेश घेणारा म्हातारा एकटा मागे राहतो. उशिरा कोणी हाक मारली तर ओ द्यायला कोणीतरी हवं, एवढंच त्याचं म्हणणं. तिथे मला दर वेळी चष्मा पुसावा लागतो. यादी मामांना दाखवली तर ते शांतपणे म्हणाले, "चोविसावा राहिला. सातव्या भागात कप्तानाची मिशी डावीकडून सुटते."

मामांचं एक मला कधी कळलं नव्हतं. मधूनच उठून जाणाऱ्यावर ते रागवायचे नाहीत, उलट "जा, जा" म्हणायचे. पण कोणी बोगदा पुढे ढकलला की संपलं. माझ्या नवऱ्याने एकदा रिमोट दाबला, तर मामा त्याच्याशी गणपतीपासून दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

मामी गेल्या, त्याला आता पाच वर्षं झाली. यंदा मामांची सत्तरी होती. काय हवं विचारलं तर म्हणाले, "काही आणू नका. सगळे मिळून ती बघू." सगळे म्हणजे अठरा माणसं, आणि मालिका पाच तासांची. ही एकच इच्छा होती त्यांची, ती अर्ध्यावर मोडायला नको म्हणून मी वेळापत्रक केलं: चार ते साडेपाच मालिका, मग औक्षण, मग जेवण. त्याखाली लिहिलं, "भाग चार ते नऊ काढावेत." नवऱ्याने डोंबिवलीला आमच्या कॉम्प्युटरवर ते काढले, उरलेलेही चापूनचोपून बसवले.

मालिका कधी नव्हे ती रंगली. एकजणही घोरला नाही. म्हाताऱ्यापाशी सगळे गप्प झाले आणि शेवटी टाळ्या पडल्या. मामा म्हणाले, "छान. आटोपशीर झाली." एवढंच.

जेवणानंतर मी ताटं उचलत होते, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "बोगदा कुठे टाकलास गं?"

"मामा, त्यात काही होतच नाही."

"म्हणूनच तर. तेव्हा दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. लग्नाला दोन महिने झालेले, तुझ्या मामीशी धड बोलायला मिळायचं नाही. चौथा भाग लागला आणि आई म्हणाली, 'हे काय, नुसते चालतायत,' आणि उठून आत गेली. तिच्यामागोमाग सगळे. असे सहा रविवार. तेवढा वेळ खोली आमची."

"म्हणजे बोगदा तुम्ही पाहिलाच नव्हता?"

"नंतर पाहिला. फारच रटाळ आहे गं."

पुढच्या रविवारी सकाळी मूळ पेनड्राइव्ह घेऊन मी नौपाड्याला गेले. तीन भाग आम्ही दोघांनी नीट बसून पाहिले. चौथा लागला, तो ओघळ आला, तशी मी म्हटलं, "हे काय, नुसते चालतायत," आणि उठून स्वयंपाकघरात गेले. दार लोटून घेतलं.

जरा वेळाने बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला.

सहा भाग म्हणजे अडीच तास. मी मामांच्या फडताळातले सगळे डबे उतरवले, पुसले, प्रत्येकावर नाव लिहून चिकटवलं. मेथीचा डबा मामींच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट होता, तो तसाच ठेवला. मग हात धुऊन नुसती बसून राहिले, जे मला जमत नाही.

शेवटी आवाज पुन्हा मोठा झाला.

"ये गं," मामांनी हाक मारली. "यान सापडलं."