दातांनी ऐकलेलं इंजिन

पुण्याहून चिंचवडची गाडी पकडली तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी होती आणि एक सल्ला. सल्ला दाजींसाठी. ताईनं पत्रात लिहिलं होतं : 'कान फुटल्यापासून यांना कमी ऐकू येतं. बहिरा फिटर म्हणून दोन गिऱ्हाइकं गेली. पिंपरीच्या एका कारखान्यात पहारेकऱ्याची जागा आहे, पण हे मनावर घेत नाहीत. तू मास्तर आहेस, तू समजाव.' माझ्या घरात माझा सल्ला कुणी घेत नाही, म्हणून मी तातडीनं निघालो.

दाजी शेतावरची तेलाची इंजिनं दुरुस्त करत. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणच्या वाटेवरच्या एका मळ्यावर काम निघालं. मी सायकलच्या कॅरिअरवर बसलो. मागून लॉरी आली की त्यांच्या पाठीवर थाप मारायची, असं ठरलं. दुतर्फा बाभळी, पलीकडे कांद्याची हिरवी वावरं. खड्ड्याखड्ड्याला मी घाबरून थापा मारल्या आणि दाजी निष्कारण चारदा रस्त्याखाली उतरले.

मळ्याचे मालक आबा. त्यांनी आधी गूळ-शेंगदाणे पुढे केले, मग इंजिन सुरू केलं. विहिरीच्या काठावर इंजिन, आत कपारीत पंप, मधे पट्टा. धडधडीत एक वेगळाच ठोका मिसळलेला. मी विहिरीत वाकलो. ठोका स्पष्ट खालून येत होता.

"पंप बिघडलाय," मी निदान करून टाकलं.

दाजींनी मात्र लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. कानांपाठोपाठ डोकंही गेलं की काय! टोक तीन-चार जागी टेकवून झाल्यावर ते म्हणाले, "पंप नाही. इथं आहे, मोठ्या बेअरिंगात."

"फिटर, तुमास्नी ऐकू येत न्हाई," आबा ओरडून म्हणाले. "मास्तर शिकल्यालं हायेत. ऱ्हाऊ द्या, आमी पुण्याचा मिस्त्री आणतो."

तिसरं गिऱ्हाईक माझ्या तोंडानं चाललं होतं.

दाजींनी इंजिन थांबवून पट्टा उतरवला, पुन्हा सुरू केलं. आता पंप गप्प. ठोका चालूच, आणि तोही विहिरीतूनच!

आबा हसत सुटले. "मास्तर, पंप निजलाय, मंग हीर (विहीर) कशापायी ठोकती?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ठोका इंजिनातला, हवेतून लाटांसारखा पसरून तो विहिरीच्या दगडांवर आपटत होता आणि वर येत होता. मी प्रतिध्वनीचा रोग शोधला होता.

दाजींनी पेचकस माझ्या हाती दिला. मी चावला, तर माझी कवळीच तडतडली. "कानामागच्या हाडाला लावा, मास्तर." लावला. एकदम ठोका कवटीत शिरला, स्वच्छ, अगदी जवळून. दाजींच्या कानाचे पडदे फाटले होते. आतला, ऐकणारा शंख शाबूत होता. हवेची वाट बंद, हाडांची उघडी.

"फिटर, उघडा तुमचं बेअरिंग," आबा म्हणाले. उघडलं, तर आतला मऊ धातू एका बाजूनं पार झिजलेला.

संध्याकाळी ताईनं दारातच विचारलं, "समजावलंस का रे?"

"आबांना समजलं, मला समजलं," मी म्हणालो. "दाजींना आधीच ठाऊक होतं."

परतीच्या गाडीत मी खिडकीच्या गजाला कानामागचं हाड टेकवून बसलो. आवाज हवेपेक्षा लोखंडातून वेगानं जातो, हे वीस वर्षं मी मुलांकडून छडी उगारून घोकून घेत आलो. आणि जो माणूस ते रोज दातांत धरून पोट भरतो, त्याला मी पहाऱ्यावर बसवायला निघालो होतो.