नानांची किल्ली

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. फक्त एकदा एका भुताला नियम समजावून सांगितले आहेत.

नाना, म्हणजे माझे सासरे, झाशीतले जुने हॅम. परवाना काढून घरच्या घरी वायरलेसवर गप्पा मारणाऱ्यांना हॅम म्हणतात. (माझी बायको नीता आणखीही काही म्हणते.) नाना राहायचे लक्ष्मी गेटला, मी नगरा भागात. रोज दुपारी चारला ते मोर्सच्या किल्लीवर कट्ट-कड ठोके देऊन मला हाक मारायचे. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. नाना शेवटचा ठोका लांबवायचे. आणि पहिला प्रश्न, "जेवलात का?" (दुपारी चारला!) मी चिडायचो, "नाना, आधी कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगायची, असा नियम आहे!"

नाना गेले. तेराव्याला आम्ही हॅम मंडळींनी रिवाजाप्रमाणे त्यांची कॉल साइन तीनदा पुकारली. उत्तर येत नाही, मग "किल्ली शांत झाली" असं म्हणायचं. ते मीच म्हटलं. त्यांच्या सेटची वायर काढून कपाटात ठेवली, सेटवर चादर घातली. माझाही सेट बंदच ठेवला. चार वाजले की हात आपोआप सेटकडे जायचा.

पंधरा दिवसांनी, धुक्यानं समोरचं घरही दिसत नव्हतं अशा दुपारी, मी सहज सेट लावला. चार वाजले. आणि नानांची कॉल साइन आली! शेवटचा ठोका लांबलेला!

लगेच सीपरी बाजारातल्या मिश्राजींचा फोन. तेही हॅम.

"भाईसाहब, सुना? ये तो नानाजी का हाथ है!"

"कोई मज़ाक कर रहा होगा."

"हाथ की नकल कौन करेगा? जवाब दीजिए, दामाद आप हैं!"

मी पाठवलं : आपले निधन झाल्यामुळे परवाना संपला आहे. कृपया संदेश पाठवू नयेत.

मग सावकाश ठोके आले : जेवलात का?

मी सेट बंद केला आणि देवापुढे दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी नीताला घेऊन लक्ष्मी गेटला निघालो.

"अहो, खिशात लिंबू कशाला?"

"व्हिटॅमिन सी!"

सासूबाई खाली नव्हत्या. घर चिडीचूप. घड्याळात चार वाजले आणि माडीवरून आवाज आला, कट्ट... कड... मी जिना चढलो. (नीता पुढे, मी मागून संरक्षणाला.) खुर्चीत आमच्याकडे पाठ करून कोणीतरी बसलं होतं. नानांची कानटोपी, नानांचा मफलर, कानावर नानांचा हेडफोन.

"नाना, मी जेवलो!" मी किंचाळलो. "पोटभर जेवलो!"

खुर्ची वळली. सासूबाई!

"मग काल सांगायला काय झालं होतं? जिवंत सासूला निधन कळवणारे पहिले जावई तुम्ही!"

"आई, परवाना नानांचा होता..."

"त्यांची पेन्शन माझ्या नावावर आली, गॅस आला, मग हा परवानाच का नाही येणार, बताओ जी! आणि तीनदा हाक कोणी मारली? घराला हाक आली की ओ द्यावी. तुम्ही लपवलेली वायर शोधण्यात पंधरवडा गेला."

"पण हात तर नानांचा!"

"जन्मभर शेजारी बसून मटार सोलले. दुसऱ्या कुणाचा येणार?" मग त्या हळूच म्हणाल्या, "फोन लेकीचा येतो. तुमची खबर तेवढी चारला यायची. हे गेले, तशी तीही गेली."

मला फार लाज वाटली. नियम मला तोंडपाठ होते. सासूबाई एकट्या आहेत, एवढंच सुचलं नव्हतं.

मग रोज चारला जाऊन मी त्यांना परवान्याच्या परीक्षेसाठी सगळे नियम शिकवले. त्या पास झाल्या, स्वतःचा परवाना आला. पहिल्या दिवशी ठीक चारला मी मोठ्या मायेनं ठोके दिले : आई, जेवलात का?

खरखर. मग उत्तर आलं, शेवटचा ठोका लांबवून : आधी कॉल साइन सांगा.

भुताला कधी नियम शिकवू नयेत. ते पाठ करतं!